नावं ठेवायला जागा

माझ्या पहिल्या डावाला त्यांनी चप्पल म्हटलं. दुसरा डाव हातात घेऊन 'हा कोन्त्या पायाचा?' असं विचारलं. तिसऱ्याच्या वेळी काही बोललेच नाहीत. डाव पालथा करून स्वतःच्या टकलावर ठेवून पाहिला, टोपी म्हणूनही बसत नाही असं तोंड केलं आणि परत दिला. वरण वाढायचा एक साधा लाकडी डाव करायला शिकताना मी या एका माणसाकडून जेवढे अपमान गिळले, तेवढे इंजिनियरिंगच्या चार वर्षांत सगळ्या मास्तरांनी मिळून केले नव्हते.

गावात त्यांना सगळे चाचा म्हणत. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात त्यांचं गॅसशेगडी, कुकर आणि छत्री दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचाच पुढचा ओटा. मागे दाराला फुलाफुलांचा पडदा, पडद्यामागे घर आणि घरात चाची. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे, अंगानं पार वाळलेले, आणि शर्टाच्या खिशात कायम कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. चालायला लागले की त्या खुळखुळत, त्यामुळे निंदा करायला कोण येतंय ते आधीच कळायचं.

मी वीज खात्यातला इंजिनियर, मूळचा सांगलीकडचा. तिकडे बदली झाली तेव्हा नातेवाईक निरोप द्यायला आले ते सांत्वनाला आल्यासारखे. बायको सांगलीलाच, क्वार्टरमध्ये मी एकटा. संध्याकाळी करायला काही नाही, म्हणून मोबाइलवर बर्फाळ देशातल्या एका दाढीवाल्या माणसाचे व्हिडिओ पाहत बसायचो. तो अंगणात बसून फांदीतून चमचा कोरायचा. इतका सहज, की आपल्यालाही येईल असं वाटावं. मी दोन चाकू मागवले, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा, चामड्याच्या म्यानासकट. फर्निचरवाल्याकडून सागाचा एक तुकडा आणला आणि तीन संध्याकाळी त्याच्यावर चाकू घासला. सागाला काही झालं नाही. माझ्या अंगठ्याला चार टाके पडले.

पट्टी बांधलेला अंगठा आणि बंद पडलेली शेगडी घेऊन मी चाचांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी शेगडीकडे पाहिलंच नाही.

'काय कापून राह्यला होता, साहेब?'

'लाकूड.'

'कोन्तं?'

तुकडा पिशवीतच होता. त्यांनी तो कानाजवळ नेऊन टिचकी मारली.

'हे लाकूड नाई, मयत आहे,' ते म्हणाले. 'दहा साल झाले असन याले मरून. तू मयताले गुदगुल्या करून राह्यला, अन् म्हनतो हासत काऊन नाई.'

मग चाकू पाहिले. म्यानाचा वास घेतला. 'म्यान बेस आहे,' म्हणाले, आणि चाकू परत दिले.

काम शिकायचं तर ओलं लाकूड हवं, झाडावरून उतरलं त्याच दिवसाचं. ते लोण्यासारखं कापलं जातं, वाळलेल्याशी झोंबायचं काम गाढवांचं, असा त्यांनी मला पहिला धडा दिला. दुसरा धडा असा की सागाचा तुकडा घेऊन पुन्हा या ओट्यावर चढायचं नाही. त्या भागात सागाबद्दल असं बोलणं म्हणजे देवळात बसून देवाला शिव्या घालण्यासारखं आहे. तिथे दार सागाचं, पलंग सागाचा, बदलून जाणारा प्रत्येक अधिकारी ट्रकमध्ये आधी सागाचा दिवाण चढवतो आणि मग बायकोला. चाचांना साग म्हटलं की उलटी यायची. 'साहेब लोकांचं लाकूड ते,' म्हणायचे. 'नुसता रुबाब. वरनात घातलं तं वरन बाटते.'

आता ओलं लाकूड आणायचं कुठून? बाहेरच्याला वाटतं, जंगलात राहणाऱ्याला लाकडाचा काय तोटा. तिथे वाळलेल्या काटक्यांची मोळी नेणाऱ्या बाईला कोणी हटकत नाही. पण हातभर ओली फांदी घेऊन निघालात तर नाकेदार, म्हणजे जंगलाची राखण करणारा शिपाई, गाडी थांबवतो. ओलं म्हणजे आज तोडलेलं, आणि आज तोडलेलं म्हणजे चोरलेलं. चाचांनी मला शिष्य करून घेतलं ते माझे गुण पाहून नव्हे. तारांना लागणाऱ्या फांद्या आमचं खातं छाटतं आणि त्यातली एखादी मी नाकेदाराची चिठ्ठी घेऊन आणू शकतो, हे त्या म्हाताऱ्यानं शेगडी उघडायच्या आतच ताडलं होतं.

त्यांनी ते लपवलंही नाही. 'मले एक काठवट पाह्यजे,' पहिल्याच दिवशी सांगितलं. काठवट म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. 'शिवनीच्या लाकडाची. एका तुकड्याची, जोड नाई. डाव-चमचे हे हात बसाले. हात बसला का काठवट. ते दिली का तू मोकळा.'

'तुम्हीच का नाही करत?'

'मी केली तं तू काय शिकशीन?'

मी डाव करायला लागलो.

शिकवायची त्यांची तऱ्हा अशी. मी क्वार्टरच्या मागे बसून डाव कोरायचा आणि ओला असतानाच त्यांच्याकडे न्यायचा. ते तो घ्यायचे आणि म्हणायचे, 'थांब, उजेडात नेऊन आनतो.' आणि पडद्याआड जायचे. आत उजेड कसला, खिडकीला पोतं लावलेलं, आणि ओट्यावर लख्ख ऊन. मग आतून चाचींचा आवाज यायचा. शब्द नीट कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. या माणसानं रिकामटेकडे धंदे सुरू केले म्हणून बाई वैतागली असणार, असं मी समजायचो आणि मनातून तिची बाजू घ्यायचो. पुष्कळ वेळानं चाचा बाहेर यायचे ते अगदी खुलून. आणि मग मारा सुरू.

'मान बारीक केली, याची मुंडी पह्यल्याच लग्नात मोडंन. गाभा काऊन ठेवला मधात? गाभा ठेवला का लाकूड तडकनारच. करवत लावू नको, फाड. फाडलं का लाकूड सोताच सांगते त्याची नस कुठी आहे. अन् कोपर बरगडीले लाव, चाकू फिरवू नको, लाकूड फिरव.'

एवढं सांगून ते हातानं करून दाखवत. दाखवताना त्यांचं स्वतःचं कोपर कोंबडीच्या पंखासारखं फडफडत असे. सहा महिन्यांत मी त्यांच्या हातात चाकू किंवा लाकूड तासायचा वाकस एकदाही पाहिला नाही. उस्ताद आहेत, आता हात लावणं कमीपणाचं वाटत असेल, अशी मी माझी समजूत घातली. मी मूर्खच होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली आणि तिच्यामुळे ते माझ्या मनातून उतरले. डाव जितका वाईट, तितका वेळ ते आत थांबत आणि तितके खुशीत बाहेर येत. एकदा मी गाठीचं लाकूड घेतलं आणि डावाच्या तळाला भोकच पडलं. त्या दिवशी अर्धा तास आत होते, बाहेर आले ते गुणगुणत, आणि मला चहा पाजला. उलट एकदा कुड्याच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाचा डाव मला खरोखर साधला. दांडी सरळ, वाटी खोलगट, कडेला एकसारखी. मीच दोनदा हात फिरवून पाहिला. चाचा आत गेले आणि लगेच परत आले. तोंड कडू. 'ठीक आहे,' म्हणाले. चहा नाही. दुसऱ्याच्या फजितीवर जगणारी माणसं मी ऑफिसात खूप पाहिली होती, पण इतका उघडा मत्सर पाहिला नव्हता. तो डाव मी रागारागानं घरी आणून ठेवला.

उन्हाचं तर त्यांना वेडच होतं. ओला डाव ऊन लागलं की तडकतो, हे खरं. पण म्हणून कोणी डावावर छत्री धरतं? चाचा धरायचे. कधी स्वतः येऊन माझ्या क्वार्टरवरून डाव घेऊन निघाले की एका हातात डाव, दुसऱ्या हातात छत्री, छत्री पूर्ण डावावर आणि स्वतःचं टक्कल उन्हात. बाजारातून असे चालत जायचे. लोक हसायचे. कोणाच्या टिनाच्या छपरावर पापड-कुरड्या दिसल्या तरी खालून ओरडायचे, 'उतरवा ना थे!' छपरावर पापडच वाळतात, लाकूड नाही, हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

मे महिन्यातल्या एका वादळात रस्त्याकडेची एक जुनी शिवण मुळासकट आमच्या तारांवर आली. अर्धा तालुका अंधारात होता आणि मी त्या बुंध्याकडे पाहत होतो. एका काठवटीला पुरून उरेल एवढा घेर. तारा जोडून झाल्यावर दोन हात लांबीचा तुकडा कापून घेतला आणि जीपमध्ये टाकला. नाक्यावर नाकेदारानं जीप थांबवली. सालीत नख रुतवलं, नखाला पाणी लागलं.

'ओलं आहे, साहेब.'

मी झाड पडल्याची हकिगत सांगितली. तो बिचारा माझ्याबरोबर जागेवर आला, उपटलेली मुळं पाहिली आणि चिठ्ठी लिहायला बसला. कशासाठी हवंय, असं विचारलं तेव्हा मी जरा तोऱ्यातच म्हणालो, 'काठवटीसाठी. चाचांकडे शिकतोय.'

त्यानं पेन खाली ठेवलं.

'कोन्ते चाचा? छत्रीवाले? साहेब, त्या बुढ्यानं उभ्या जिंदगीत लाकडाले हात नाई लावला. दाराची कडी ढिल्ली झाली तं सुतार बलावते थो.'

मग त्यानं सगळं सांगितलं. कारागीर होता तो चाचींचा बाप. मार्कंड्याच्या जत्रेत त्याच्या काठवटी सकाळी मांडल्या की दुपारपर्यंत संपायच्या. चाचींनी माहेराहून आणलेली त्याच्या हातची एकच काठवट घरात होती. चार वर्षांमागे त्या तापानं पडल्या असताना चाचांना मदत करायची हुक्की आली. त्यांनी काठवट खसखसून धुतली आणि भर मे महिन्यात टिनावर वाळत टाकली.

'दुपारी फाटली ते,' नाकेदार म्हणाला. 'आवाज माह्या घरी आला, सांगतो. तवापासून चाची त्याच्याशी बोलत नाई. जेवाले देते, दवाई देते, कपडे धुते. बोलत नाई. हा बुढा लोकाले पकडून पकडून काठवट बनव म्हनते. याच्या तोंडापायी तिघं पळून गेले तुमच्या आधी.'

मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. सहा महिने मी छत्र्या शिवणाऱ्या माणसाकडून लाकडाचे धडे घेत होतो. शिवणीचा तुकडा क्वार्टरच्या टाक्यात बुडवून ठेवला आणि पंधरा दिवस चाचांच्या रस्त्यालाच गेलो नाही. त्यांना मात्र नाकेदाराकडून शिवणीची बातमी लागली होती आणि त्यांनी आमच्या तक्रारीच्या नंबरवर फोन सुरू केले. 'शिवनीवर पोतं टाकलं का? पानी कमी नाई ना झालं?' एवढं विचारून ठेवून द्यायचे. एकदा मी ओरडलो की हा नंबर लाईट गेल्यावर करायचा असतो. 'मंग घालव माही लाईट,' म्हणाले.

शेवटी मी भांडायलाच गेलो.

'चाचा, तुम्हाला यातलं काही येत नाही.'

'नाई येत,' ते शिट्टी पुसत म्हणाले. 'तुले येते का? मंग कायची फुशारकी?'

'मग आत जाऊन काय पाहत होतात?'

'चाची पाहे. मी कुठी म्हनलो मी पाहतो?'

बापानं मुलीच्या हाती कधी वाकस दिला नव्हता. छिलके झाडायला बसवलं होतं. तिनं झाडता झाडता सगळं पाहून ठेवलं. आता बोटं संधिवातानं वाकली होती, पण नजर शाबूत होती.

'त्या तर तुमच्याशी बोलत नाहीत,' मी म्हणालो.

'माह्याशी नाई बोलत. डावाशी बोलते. "ये चम्मच है कि चप्पल" म्हनते. त्याले म्हनते. मी धरून उभा राह्यतो.'

हे सांगतानाही त्या निर्लज्ज माणसाच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट मोठी मजल मारल्यासारखा चेहरा. मी पुरता चिडलेलो होतो आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यातून शिवण बाहेर काढली. हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू.

काठवटीला अडीच महिने लागले. बुंधा पाचर ठोकून मधोमध फाडला, गाभा काढून टाकला, वाकसानं पोट कोरलं. दर दोन दिवसांनी चाचा सायकलरिक्षात पोत्यात गुंडाळून, वर छत्री धरून ती घरी न्यायचे आणि निरोप घेऊन यायचे. बूड जाड ठेव. कड अजून नको काढू. आता तिच्याच छिलक्यांत पोत्यात घालून अंधारात ठेव, आठ-आठ दिवसांनी पालथी कर, घाई करशील तर फाटेल. एकदा मी ओट्यावर असताना पडद्याखालून एक वाकडा हात बाहेर आला, काठवटीच्या तळावर अंगठा दाबून फिरला आणि एका जागी थांबला. तिथे मी दोन सूत जाड सोडलं होतं. मला डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

शेवटचा हात फिरवून, जवसाचं तेल मुरवून काठवट तयार झाली त्या दिवशी चाचा धुतलेला शर्ट घालून आले. खिशात शिट्ट्या नव्हत्या.

'आज बोलंन ते,' वाटेत म्हणाले. मग जरा वेळानं पुन्हा म्हणाले, 'आज तं बोलंनच.'

मी ओट्यावर बसलो. ते काठवट घेऊन आत गेले. आतून बोटानं ठोकल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण, पाणी ओतल्याचा आवाज, आणि मग पीठ मळल्याचा थप-थप आवाज, सारखा, न थांबता. बोलण्याचा आवाज नाही. मी कान देऊन बसलो होतो. तव्यावर रोट्या पडल्या, वास आला. चाचा बाहेर आले ते माझ्यासाठी ताट घेऊन. दोन गरम रोट्या आणि वर तूप.

'काय म्हणाल्या?'

'काई नाई.'

मी रोट्या खाल्ल्या. मला मनापासून आनंद झाला होता हे कबूल करतो. त्या बाईनं माझ्या काठवटीत पीठ मळलं, यापेक्षा मोठी पावती मला नको होती. चाचा समोर बसून माझ्या प्रत्येक घासाकडे असे पाहत होते की जणू त्यांचा खिसा मीच कापला होता.

पाचव्या दिवशी ते ऑफिसात आले. तक्रारवाल्यांच्या रांगेत छत्री घेऊन उभे राहिले, नंबर आल्यावर पुढे झाले.

'साहेब, एक डाव बनव.'

'आता कशाला? काठवट झाली ना?'

'झाली. लय बेस झाली. रोज मळते तिच्यात. पन नाव ठेवाले जागाच नाई ठेवली तू. मंग ते बोलंन कायले?'

मी पुढच्या तक्रारीचा कागद हातात घेतला.

'वाईट बनव,' ते म्हणाले. 'पह्यल्यासारखा. थे जमते तुले.'

आणि तेव्हा मला त्या कडू तोंडाचा, त्या न मिळालेल्या चहाचा, कुड्याच्या डावानंतरच्या 'ठीक आहे'चा अर्थ लागला. या माणसाला मी सहा महिने मत्सरी समजत होतो. मागे रांग खोळंबली होती, म्हणून मी त्यांच्यावर खेकसलो आणि त्यांना घरी पाठवलं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम गाठीचं लाकूड शोधलं. मान बारीक केली, गाभा मध्येच ठेवला, दांडी तिरकी सोडली. चाचा छत्रीखालून डाव घेऊन आत गेले आणि चाचींचा आवाज चढला. एवढं शिकून हेच, बापाच्या कामाची थट्टा मांडली आहे, कुत्र्यालाही यातून वाढू नये. पाऊण तास चाललं. चप्पल हा शब्द तीनदा आला. मी शेवटपर्यंत बसून ऐकलं आणि मला चहा मिळाला.

पुढे माझी बदली झाली. आता सांगलीकडे आहे. इथे ओल्या फांदीसाठी कोणी गाडी थांबवत नाही. महिन्या-दीड महिन्याला एक डाव पार्सलनं पाठवतो. ओलाच पाठवतो, म्हणजे पोचेपर्यंत तडकतो, तेवढीच भर. चांगले झालेले माझ्याकडेच राहतात. स्वयंपाकघरात आता त्यांना जागा नाही आणि बायको रोज विचारते की लोकांना भंगार का पाठवता.

परवा चाचांचा फोन आला. ना सलाम, ना हालहवाल.

'साहेब, मागचा डाव दोन मिन्टात आटपला. चाचीनं उलटून पाह्यला अन् सरळ वरनात टाकला. ध्यान कुठी राह्यते तुझं?'